'जर्मनचा टोप' : एका शिरस्त्राणाची नावे आणि त्याचा संग्रह

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील जुन्या चाळींच्या स्वयंपाकघरांत 'जर्मनचा टोप' ही वस्तू कोणास अपरिचित नव्हती. त्यात भात शिजे, आंघोळीचे पाणी तापे, आणि बूड काळे पडले की गृहिणी तो राखेने घासून पुन्हा पांढरा करी. या शब्दप्रयोगात 'जर्मन' म्हणजे ॲल्युमिनियम आणि 'टोप' म्हणजे काठ बाहेर वळवलेले, बिनमुठीचे, खोलगट भांडे. परंतु हेच दोन शब्द ग्रांथिक मराठीच्या रीतीने वाचले, तर त्यांचा अर्थ अगदीच निराळा होतो. मग समोर उभे राहते ते प्रशियन पायदळाचे काळ्या कातड्याचे, माथ्यावर पितळी टोक असलेले शिरस्त्राण. त्याला जर्मन लोक 'पिकेलहाउब' म्हणतात, आणि जुन्या लष्करी वस्तूंच्या संग्राहकांत त्याला आजही मोठी मागणी आहे.

एकाच नावाच्या या दोन वस्तूंचे साम्य योगायोगाचे आहे, असे प्रथमदर्शनी कोणीही म्हणेल. ते पुरतेपणी योगायोगाचे नाही, हे पुढे दिसून येईल. शिवाय हा प्रश्न केवळ शब्दांच्या गमतीचाही नाही. कोणताही संग्रह म्हणजे वस्तू आणि नोंदवही या दोहोंची जोडी होय. नोंदवही शब्दांनीच लिहिली जाते, आणि शब्द चुकला की वस्तूचा इतिहास चुकतो. टोकदार शिरस्त्राणाच्या बाबतीत ही चूक होण्यास जितक्या वाटा आहेत, तितक्या दुसऱ्या कोणत्याही लष्करी वस्तूच्या बाबतीत क्वचितच असतील.

प्रथम 'जर्मन' या शब्दाचा विचार करणे सोयीचे होईल. तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रणाने होणाऱ्या पांढऱ्या धातूस 'जर्मन सिल्व्हर' म्हणतात. त्यात चांदी नावालाही नसते. या नावातील 'सिल्व्हर' गळाले आणि 'जर्मन' हे विशेषणच धातूचे नाव होऊन बसले. पुढे ॲल्युमिनियमची हलकी व स्वस्त भांडी घरोघर आली, तेव्हा या नव्या पांढऱ्या धातूला लोकांनी हाताशी असलेले तेच नाव दिले. ग्रामीण बोलीत त्याचे 'जर्मल' असेही रूप ऐकू येते. म आणि न हे दोन अनुनासिक लागोपाठ आले असता त्यांतील एकाचा ल होणे ही विषमीकरणाची साधी प्रक्रिया आहे. 'नंबर'चा 'लंबर' होतो तो याच न्यायाने. एका राष्ट्राचे नाव असे स्वयंपाकघरात मुरून गेल्यावर त्याचा राष्ट्राशी काही संबंध आहे, याचे भान बोलणाऱ्यास उरत नाही. तमिळ भाषकांच्या वाट्याला जर्मन निराळ्या रीतीने आले. २२ सप्टेंबर १९१४ रोजी 'एम्डन' या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर तोफा डागल्या, आणि त्या नौकेचे नाव तमिळ बोलीत हिकमती, जबरदस्त माणसासाठी रूढ झाले. एका भाषेने जर्मनांची युद्धनौका घेतली, तर दुसरीने भांडे.

'टोप' या शब्दाचे प्रकरण अधिक खोल आहे. मराठीत डोक्यावरचे आच्छादन आणि स्वयंपाकाचे भांडे या दोहोंस हा शब्द लागतो, आणि मुंबई, ठाणे व कोकण या भागांत दुसरा अर्थच नित्याच्या वापरात आहे. भांडे पालथे घातले की टोप होतो व टोप उताणा केला की भांडे होते. आकारसाम्य एवढे उघड आहे की त्यासाठी वेगळे प्रमाण नको. पण डोके आणि भांडे यांची ही सांगड मराठीपुरती नाही. संस्कृतात 'कपाल' म्हणजे कवटी, आणि 'कपाल' म्हणजे घटाचा अर्धा भागही. नैयायिकांनी घटाचे समवायी कारण म्हणून कपालांचा दाखला शेकडो वर्षे दिला आहे. 'खर्पर' या शब्दातही खापर व कवटी हे दोन्ही अर्थ आहेत. लॅटिनमध्ये 'टेस्टा' म्हणजे मातीचे भांडे किंवा खापर; त्यापासून फ्रेंचमध्ये डोक्याचा वाचक असा 'तेत' हा शब्द झाला. जर्मनमध्ये डोक्यास 'कोप्फ' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ पेला. डोक्याला भांडे म्हणण्याची ही खोड इतक्या भाषांत आढळते की ती कोणी कोणापासून उचलली हा प्रश्नच गैरलागू ठरावा.

'पिकेलहाउब' या शब्दाची व्युत्पत्ती याच संदर्भात पाहण्यासारखी आहे. आजच्या जर्मन माणसाला हा शब्द पारदर्शक वाटतो. 'पिकेल' म्हणजे कुदळ किंवा टोकदार अवजार आणि 'हाउब' म्हणजे डोक्यावरची टोपी. म्हणून टोकाची टोपी. वस्तू समोर असताना ही फोड नाकारण्याचे कारणही कोणास दिसत नाही. तथापि हा शब्द त्या वस्तूहून काही शतके जुना आहे. मध्ययुगीन जर्मनमध्ये त्याचे 'बेकेनहूब' असे रूप आढळते, आणि त्यातील 'बेकेन' म्हणजे परात, घंगाळ अशा जातीचे भांडे. वाटीच्या घाटाचे साधे लोखंडी शिरस्त्राण असा त्याचा अर्थ होता. त्यास टोक असण्याची आवश्यकता नव्हती. फ्रेंच 'बासिने' हे त्याच कल्पनेचे भावंड होय. पुढे 'बेकेन'चे 'बिकेल', 'बिकेल'चे 'पिकेल' असे ध्वनी घसरत गेले. मूळ अर्थ विसरला गेला, आणि एकोणिसाव्या शतकात खरोखरच टोक असलेले शिरस्त्राण आले तेव्हा लोकांनी जुना शब्द त्यावर घट्ट बसवला. सरकारी कागदांत त्याचे नाव 'हेल्म' किंवा 'टोकासह हेल्म' असे नीरस होते. म्हणजे जर्मन सैनिकाच्या डोक्यावरही, शब्दापुरते पाहिल्यास, भांडेच होते. 'जर्मनचा टोप' हे ठाण्या-कल्याणचे नाव अजाणता मूळ जर्मन शब्दाचे भाषांतर ठरते.

लोकव्युत्पत्तीचा असाच प्रकार मराठीतही एका शिरस्त्राणाच्या नावात घडला आहे, आणि त्याचे परिणाम अधिक दूरगामी आहेत. 'जिरेटोप' या शब्दातील 'जिरे' म्हणजे फारसी 'जिरिह', अर्थात लोखंडी कड्यांचे चिलखत. तेव्हा जिरेटोप म्हणजे कडीदार जाळीचा, किंवा जाळी जोडलेला, लढाईतील लोखंडी टोप. चिलखते वापरातून गेली तसा 'जिरे' हा शब्द एकटा उरला नाही. आज त्याने फोडणीतले जिरेच आठवते. शब्दाचा पहिला अवयव मुका झाल्याबरोबर पूर्ण शब्द नव्या अर्थासाठी मोकळा झाला. आज जिरेटोप म्हटले की पुतळे, दिनदर्शिका आणि चित्रपट यांतील शिवछत्रपतींचे तुरा लावलेले, वस्त्राचे उंच शिरोभूषण डोळ्यांपुढे येते. सत्कारसमारंभांत पाहुण्यांच्या डोक्यावर ठेवले जाते तेही हेच. भाषेच्या दृष्टीने यात आक्षेपार्ह असे काही नाही. शब्दांचे अर्थ बदलतात. पण ज्या नोंदवहीत जुन्या लोखंडी टोपासमोर 'जिरेटोप' असे लिहिलेले असेल, तिचा आजचा वाचक वस्त्राचे शिरोभूषण शोधू लागेल, आणि ते न सापडल्यास वस्तू गहाळ झाली असे समजेल. १६७७ च्या सुमारास सिद्ध झालेल्या 'राज्यव्यवहारकोशा'त शस्त्रवर्ग स्वतंत्र आहे. राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा तो उद्योग होता. शस्त्रागारातील वस्तूंची नावे निश्चित असावीत ही गरज त्या काळीही जाणवली होती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

टोक असलेली शिरस्त्राणे या देशाला जर्मनांनी दाखविली असे मुळीच नाही. मोगल, दख्खनी, राजपूत व मराठा शस्त्रसंग्रहांत आढळणारा 'कुलाह खूद' हा प्रकार याची साक्ष आहे : अर्धगोल पोलादी वाटी, माथ्यावर चौधारी टोक, कपाळाशी नाकावर उतरणारी सरकती पट्टी, दोन बाजूंस तुरे खोवण्याच्या नळ्या, आणि मानेवर रुळणारी कड्यांची झालर. यातील 'खूद' हा शब्द तर फार प्राचीन आहे. इराणच्या हखामनी सम्राटांच्या शिलालेखांत शकांच्या एका शाखेस 'तिग्रखौदा' म्हटले आहे. टोकदार टोपीचे लोक असा त्याचा अर्थ. 'तिग्र' हे संस्कृतातील 'तिग्म' या शब्दाच्या गोतातले, आणि 'खौदा' म्हणजेच पुढचा 'खूद'. बेहिस्तूनच्या कातळावर दारयवहूपुढे उभ्या केलेल्या बंदिवानांत स्कुंख नावाच्या शकाच्या डोक्यावर ती उंच टोकदार टोपी स्पष्ट कोरलेली आहे. परकीयांस त्यांच्या डोक्यावरील वस्तूने ओळखावे, ही रीत अशी सनातन दिसते. मराठीने पाश्चात्त्यांना 'टोपीकर' म्हटले ते याच रीतीने. आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज, वलंदेज आदींसाठी हा शब्द आला आहे. ठाण्याने तर एका टोपीकराकडून सुटून पुन्हा दुसऱ्या टोपीकराकडे जाण्याचा अनुभव चार दशकांच्या आत घेतला : १७३७ मध्ये मराठ्यांनी ते पोर्तुगिजांकडून घेतले, आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ते मराठ्यांकडून.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळावे. प्रशियाचा राजा चौथा फ्रीड्रिख व्हिल्हेल्म याने २३ ऑक्टोबर १८४२ च्या आज्ञेने आपल्या पायदळासाठी हे शिरस्त्राण मुक्रर केले. रशियाने जवळजवळ तशाच घाटाचे शिरस्त्राण १८४४ मध्ये घेतले. मूळ कल्पना कोणाची, याविषयी दोन्ही बाजूंनी दावे केले जातात. साचा उकळून घट्ट केलेल्या, काळे रोगण चढविलेल्या कातड्याचा. पुढे व मागे टोपीसारखी पाळी. कपाळावर प्रशियाचा गरुड. हनुवटीखाली पितळी खवल्यांचा अगर कातडी पट्टा. माथ्यावरील टोकाचा हेतू वरून येणारा तलवारीचा वार बाजूस सरकविणे हा होता. तोफखान्याच्या लोकांना मात्र थोड्याच वर्षांत टोकाऐवजी पितळी गोळा देण्यात आला. सुरुवातीचा साचा बराच उंच होता. तो पुढे वेळोवेळी कमी केला गेला. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्सचा पराभव झाला आणि या टोकाला विजयाचे चिन्ह म्हणून भलतीच प्रतिष्ठा आली. इंग्रजांनी १८७८ मध्ये आपल्या पायदळासाठी कापड चढविलेले टोकदार शिरस्त्राण स्वीकारले ते या प्रतिष्ठेच्या प्रभावाखालीच. बव्हेरियाने आपले जुने शिरस्त्राण सोडून प्रशियन घाट पत्करला तो १८८६ मध्ये.

जाणत्या संग्राहकाच्या दृष्टीने हे शिरस्त्राण म्हणजे वाचावयाचा लेखच असतो. पुढील पत्र्यावरून राज्य कळते : गरुड असल्यास प्रशिया, सिंहांनी धरलेली ढाल असल्यास बव्हेरिया. प्रशियन गरुडावर 'देवासह, राजासाठी आणि पितृभूमीसाठी' अशा अर्थाचे ब्रीद असते. दोन्ही बाजूंस पट्ट्याच्या टोकाशी रंगीत चकत्या असतात. १८९७ पासून उजवीकडे साम्राज्याची काळी-पांढरी-तांबडी आणि डावीकडे त्या त्या राज्याची. आतील बाजूस वा पाळीखाली पलटणीचे, वर्षाचे आणि कारखानदाराचे शिक्के असतात. अधिकारी आपली शिरस्त्राणे स्वखर्चाने घेत, त्यामुळे त्यांवर सरकारी शिक्के नसतात; शिक्का नाही म्हणजे वस्तू खोटी असा निष्कर्ष येथे घाईचा ठरतो. १८९२ पासून चकाकी झाकण्यासाठी वर कापडी खोळ घालू लागले. १९१४ च्या युद्धात इंग्रजांच्या नाकेबंदीमुळे दक्षिण अमेरिकेतून येणारे कातडे बंद झाले आणि नमदा, पातळ पत्रा, दाबलेला कागद अशा मिळेल त्या द्रव्यांची शिरस्त्राणे होऊ लागली. १९१५ च्या नमुन्यात पितळ जाऊन करडे लोखंड आले व टोक काढता येईल असे करण्यात आले. खंदकाच्या कडेवर प्रथम दिसे ते टोकच. कातड्याला तोफगोळ्याच्या तुकड्यापुढे काहीच किंमत नव्हती. १९१६ मध्ये पोलादी शिरस्त्राण आले आणि आघाडीवरून टोकाचे युग संपले.

ही शेवटची तारीख, १९१६, ठाण्या-कल्याणच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे. अशा प्रकारचे शिरस्त्राण या भागात पुढे आले की त्यासोबत एक हकीकत येण्याचा संभव फार असतो : पणजोबा पहिल्या महायुद्धात होते, त्यांनी लढाईतून ते आणले. हकीकत प्रामाणिकपणे सांगितली जाते, आणि ती सर्वस्वी अशक्यही नाही. परंतु ती तपासता येते. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात लढला. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी कुतच्या वेढ्यात सापडल्या व २९ एप्रिल १९१६ रोजी त्यांना शरण जावे लागले. ११४ व्या मराठा पलटणीने १९१८ मध्ये शरकातच्या लढाईत मोठी कीर्ती मिळविली. या सर्वांच्या समोर उभा असलेला शत्रू तुर्क होता, आणि तुर्क सैनिकाच्या डोक्यावर कापड गुंडाळलेली 'कबलक' नावाची टोपी असे, टोक नव्हे. पूर्व आफ्रिकेत नोव्हेंबर १९१४ मध्ये टांगा येथे उतरलेल्या फौजेत १०१ वी ग्रेनेडियर्स ही मुंबई इलाख्यातली जुनी पलटण होती, आणि तेथे झेंडा जर्मनच होता. तथापि जर्मनांच्या वसाहती फौजेचा पोषाख उष्ण हवेस धरून होता, त्यात हे कातडी शिरस्त्राण नव्हते. अर्थात मेसोपोटेमिया किंवा आफ्रिका हे नाव कुटुंबाच्या हकीकतीत असेल, तर शिरस्त्राणाचा उगम अन्यत्र शोधावा लागेल.

उरते फ्रान्स. तेथे मराठी माणसाला हे टोक खरोखर दिसले, हे मात्र निश्चयाने सांगता येते. खडकी येथे ठाणे असलेल्या 'थर्ड सॅपर्स अँड मायनर्स' या पथकात मराठे, शीख व मुसलमान असे लोक होते, आणि त्याच्या २० व २१ या क्रमांकांच्या कंपन्या लाहोर डिव्हिजनबरोबर १९१४ च्या शरद ऋतूत फ्रान्सला पोचल्या. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यव शापेल या गावावर ४७ व्या शीख पलटणीसमवेत त्यांना हल्ला करण्यास सांगण्यात आले. खणणे, पूल बांधणे, सुरुंग लावणे हे ज्यांचे काम, त्यांना पायदळ म्हणून गावातल्या गल्ल्यांत संगिनींनी लढविले गेले. गाव हाती आले, पण मदत न पोचल्याने सोडावे लागले. या कंपन्यांचे बहुतेक सर्व इंग्रज अधिकारी पडले किंवा जखमी झाले, आणि लोकही मोठ्या संख्येने कामी आले. फ्रान्समधील भारतीय पायदळ १९१५ च्या अखेरीस मेसोपोटेमियाकडे हलविण्यात आले. म्हणजे मराठी सॅपर फ्रान्समध्ये होता तो काळ आणि कातडी टोकदार शिरस्त्राण आघाडीवर होते तो काळ नेमके जुळतात. हकीकतीला खरा आधार मिळण्याची जागा ही एवढीच.

त्या आधाराची परीक्षा शिरस्त्राणात नसून त्याच्या शेजारी असते. फ्रान्समध्ये २२ नोव्हेंबर १९१४ पर्यंत पोचलेल्यांस १९१४ चा काशाचा तारा मिळाला. त्याच्या पाठीवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. युद्धानंतर दिल्या गेलेल्या चांदीच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवरही हीच माहिती असते. ट्रंकेत शिरस्त्राणासोबत असा तारा निघाला आणि त्यावर सॅपर्सचे नाव असले, तर कुटुंबाची गोष्ट ऐकून घेतलीच पाहिजे. तरीही एक शंका उरते. टोकदार, जागा अडविणारे, ओल लागताच बुरसणारे शिरस्त्राण शिपायाने फ्रान्स, बसरा आणि मुंबई असा प्रवास करून घरी आणले असेल, त्यापेक्षा युद्ध संपल्यावर कोणाकडून घेतले असेल ही शक्यता अधिक. युद्धानंतर ही शिरस्त्राणे दुर्मिळ नव्हती. जर्मन गुदामांत न वापरलेली शिरस्त्राणे हजारोंनी सापडली. १९१९ मध्ये अमेरिकेत युद्धकर्जाच्या प्रचारासाठी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर त्यांचा मनोराच रचला गेला, आणि कर्जरोखे खपविणाऱ्यांना ती बक्षीस म्हणून वाटली गेली. जगभरच्या संग्रहांतील कित्येक 'रणांगणावरील' शिरस्त्राणांनी रणांगण पाहिलेलेच नाही.

येथे इतर टोकांचाही विचार अवश्य आहे. इंग्रज अधिकारी हिंदुस्थानात समारंभप्रसंगी पांढऱ्या भेंडाच्या टोपावर पितळी टोक लावीत. कल्याण हे १८५४ पासून रेल्वेवर, आणि पुढे घाटांकडे जाणाऱ्या दोन फाट्यांचे मोठे जंक्शन, जी. आय. पी. रेल्वेच्या युरोपीय व अँग्लो-इंडियन नोकरांचे स्वयंसेवक दल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभे राहिले आणि १९२० नंतर ऑक्झिलरी फोर्सचा भाग म्हणून टिकले. कल्याणच्या जुन्या बाजारात निघालेल्या पितळी टोकाचा संबंध प्रशियाशी जोडण्यापूर्वी तो रेल्वेच्या बंगल्याशी जुळतो का, हे पाहणे शहाणपणाचे ठरेल. जाता जाता सांगावयाचे म्हणजे, या भेंडाच्या टोपीचे 'सोला' हे नाव शोला या पाणवनस्पतीवरून आलेले. साहेब लोकांनी त्याचे 'सोलर' करून तिचा संबंध सूर्याशी लावला. टोप्यांची नावे लोकव्युत्पत्तीस विशेष प्रिय आहेत असे दिसते.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी होती. १९४७ नंतर तेथे सिंधी निर्वासित राहिले आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. छावणीच्या विकाऊ सामानातून कोणी 'जर्मन टोपी' आणली असे सांगितले जाईल, तर ती पोलादी असावयास हवी, टोकदार नव्हे. शेवटी आणखी एक वाट आहे, आणि संख्येने तीच मोठी असावी. देहराडूनसारख्या ठिकाणी जुन्या युरोपीय तलवारी, चिलखते आणि शिरस्त्राणे यांच्या प्रतिकृती निर्यातीसाठी तयार होतात. अशी नव्या कातड्याची, मुद्दाम मळविलेल्या पितळेची शिरस्त्राणे बाजारात फिरतात, आणि थोड्याच हातांतून गेली की 'पणजोबांची' होतात. मूळ गरुडाच्या पिसांच्या रेषा साच्यात दाबलेल्या, तीक्ष्ण असतात. ओतीव प्रतिकृतीत त्या सुजलेल्या दिसतात. ब्रीदातील अक्षरांचेही तसेच. कातड्याच्या अस्तराच्या जिभा, त्यांना ओवलेली नाडी, आतील रोगणाच्या बारीक भेगा यांची नक्कल करण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाही. कोकणपट्टीच्या चार महिन्यांच्या दमटपणात शंभर वर्षे काढलेले कातडे बुरशीच्या डागांवाचून राहिले असेल, तर तो संशयाचा मुद्दा मानावा.

या सर्व खटाटोपात एका गोष्टीचा विषाद वाटल्यावाचून राहत नाही. ठाणे, डोंबिवली, कल्याण येथे गेल्या शतकात रत्नागिरी, सातारा, कुलाबा या जिल्ह्यांतून कुटुंबे येत राहिली. नेमक्या याच जिल्ह्यांनी मुंबई इलाख्याच्या पलटणींना माणसे पुरविली होती. गावच्या पेटीबरोबर नोकरीचे कागद, पेन्शनचे पुस्तक, पदके चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत आली, माळ्यावर राहिली, आणि आता पुनर्विकासासाठी चाळी रिकाम्या होऊ लागल्यावर खाली उतरू लागली आहेत. या पेटीतले नाव नसलेले परके शिरस्त्राण असेल, तर ते संग्राहकाकडे हजारोंच्या किंमतीला जाते. नाव असलेले पदक मात्र चांदीच्या भावाने सराफाकडे जाते. अडीच तोळ्यांहून थोडे अधिक वजन. १९८० मध्ये चांदीचा भाव भडकला तेव्हा अशी पदके जगभर वितळली गेली. त्या पदकाच्या कडेवर पलटणीतल्या कारकुनाने कानाने ऐकून रोमन लिपीत उतरविलेले एक मराठी नाव होते, आणि अनेकदा त्या माणसाचे छापील वा कोरीव स्वरूपातले ते एकमेव नाव होते. न्यव शापेल येथे १९२७ मध्ये उभारलेल्या स्मारकाच्या भिंतीवर थडगे नसलेल्या ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. तेथील एखाद्या सॅपरचे नाव आणि डोंबिवलीच्या माळ्यावरचे पदक यांची गाठ घालता आली असती, ती पदक वितळताच कायमची सुटते.

म्हणून संग्राहकाने नोंद कशी करावी, याविषयी काही सूचना येथे करणे अस्थानी होणार नाही. १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरते व ती परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही. १९१५ चे शिरस्त्राण त्या मर्यादेत आले आहे, आणि १९१४ चा ताराही. वस्तू कोणत्या द्रव्याची, टोक कशाचे, पत्र्यावर काय चित्र, शिक्का असल्यास त्यातील अक्षरे जशीच्या तशी, हे प्रथम लिहावे. 'पिकेलहाउब', 'जिरेटोप', 'खूद' ही नावे त्यानंतर, आणि कोणत्या अर्थाने ते सांगून. पेटीत शिरस्त्राणाबरोबर काय होते त्याची यादी स्वतंत्र करावी व ती वस्तू विकत न घेताही करावी. कुटुंबाचे मूळ गाव आणि ते ठाण्या-कल्याणकडे आल्याचे वर्ष विचारावे. सांगणाऱ्याने वस्तूला दिलेले नाव त्याच्याच उच्चारात टिपावे. त्याने 'जर्मलचा टोप' म्हटले असेल तर 'जर्मलचा' असेच लिहावे, 'जर्मन शिरस्त्राण' असे शुद्ध करू नये. कारण तो पेटीतल्या शिरस्त्राणाविषयी बोलत होता की ज्या पातेल्यात ते इतकी वर्षे झाकून ठेवले होते त्याविषयी, हे पुढे कधी तरी त्या एका लकारावरूनच ठरवावे लागेल.